सरळ रेघेतला दवाखाना

कचेरीत त्याला सगळे पट्टीमास्तर म्हणत आणि तोही ते नाव खुशाल मिरवायचा. नवा सरकारी दवाखाना कुठे बांधायचा याची मोजणी त्याच्याकडे आली, तेव्हा त्यानं नकाशा अंथरला, पट्टी ठेवली आणि चहा निवायच्या आत निकाल लावला. बंद कारखान्याच्या आवारातली जागा! वस्तीच्या कुठल्याही घरापासून चारशे मीटरच्या आत. पाण्याच्या टाकीजवळची दुसरी जागा रस्त्यालगत होती, पण पट्टीवर लांब भरली म्हणून त्यानं ती खोडूनच टाकली. साहेब तर त्याच्या आकड्यांवर डोळे मिटून सही करायचे.

खिशात मोजणीचा कागद घालून स्वारी आधी त्याच वस्तीतल्या आत्याकडे गेली. आत्याच्या पायाची जखम वर्षभर भरत नव्हती, दिवसाआड ड्रेसिंगला लांब जावं लागायचं. ती खूश होईल, असं या शहाण्याला वाटलं.

"चारशे मीटर? वा रे वा!" आत्यानं काठी उचलली. "चल, दाखव. पण नकाशातल्यासारखं, सरळ हं. वळायचं नाही."

सरळ रेघ शिंप्याच्या दुकानात घुसली आणि मागच्या दारानं निघाली. पुढे धोब्याच्या ओल्या चादरी. मग निवृत्त हेडमास्तरांचं अंगण, तिथे हेडमास्तर टॉवेलवर दाढी करत होते.

"चालू द्या तुमचं," आत्या म्हणाली, "सरकारी काम आहे."

आणि मग आली कारखान्याची भिंत, चांगली दोन पुरुष उंच.

"ही नकाशात होती का रे?"

"होती... बारीकशी रेघ होती."

"मग चढ की!"

आत्याच्या शब्दापुढे त्याचं कधी चाललंय? हेडमास्तरांचं स्टूल, त्यावर पिंप, त्यावर पट्टीमास्तर. पँट फाटली, पलीकडे धप्पकन आवाज झाला, पाठोपाठ "आई गं!" घोटा मुरगळला होता. आवाराचं फाटक पार पलीकडच्या अंगाला, म्हणजे वळसा घालून दोन किलोमीटर. त्यानं त्या अंतराकडे पाहिलं आणि त्याला रडूच आलं. आत्यानं असल्या पायानं दिवसाआड हे चालायचं?

त्यानं कागद काढला, चारशे खोडून दोन हजार लिहिलं, खाली 'टाकीजवळची जागा योग्य' असं लिहून दगडाला गुंडाळला आणि भिंतीवरून भिरकावला.

थोड्या वेळानं दगड परत आला. "सही राहिली!" पलीकडून ओरड आली.

निमूटपणे सही करून त्यानं दगड पुन्हा फेकला. पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला.

"आत्या? वाचलंस ना?"

"वाचलं रे बाळा." तिचा आवाज भरून आला होता. "साहेबांकडे मीच देते हा. तू पाय हलवू नकोस, तिथंच बस. मी येते फिरून तुला घ्यायला."

"अगं नको! आत्या, ऐक ना!"

पण काठीचा टकटक आवाज भिंतीच्या कडेकडेनं लांब जायला लागला होता.