कागदावर भेटणाऱ्या रेघा

गणिताच्या बाईंनी फळ्यावर एक खोकं काढलं. तळावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ ओढली आणि विचारलं, “ही रेघ आणि पुढची ही उभी कड, एकमेकींना भेटतात का?”

“अगं, भेटतात की!” खिडकीजवळची मुलगी म्हणाली आणि तिनं जीभ चावली. “अहो बाई... म्हणजे, दिसतंच आहे ना.”

वर्ग खो खो हसला. बाईंच्या हातातला खडू मात्र तिथेच थांबला.

चूक त्यांना नवी नव्हती. शंकूची उंची उतारावरून मोजायची, तुटक रेघेनं दाखवलेली मागची कड हिशेबातच धरायची नाही, चित्रात रेघा एकमेकींवरून गेल्या की भेटल्या म्हणायचं. सगळी पोरं इथंच अडखळतात. पण ते ‘अगं’, तो हेल त्यांच्या लेकीचा होता. जेवणाच्या टेबलावर हेच शिकताना ती अशीच हटून बसली होती. त्याच आठवड्यात ती तापानं गेली आणि ते गणित तसंच राहिलं.

बाईंनी चूक दुरुस्त केली नाही. नुसती मान डोलावली आणि पुढचं उदाहरण घेतलं.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाल्यावर फळ्याकडे तोंड करूनच त्यांनी विचारलं, “कुठे भेटतात गं?”

“अगं, इथे काय!” मागच्या बाकावरून आवाज आला.

बाई वळल्या. बाकावर कोणी नव्हतं. अंगावर काटा आला, पण पाय दाराकडे वळेनात. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. मग त्यांना चटकच लागली. फळ्यावरचं ते खोकं त्या कोणाला पुसू देईनात.

चाचणीत जवळजवळ अख्खा वर्ग त्या प्रश्नावर आपटला. खिडकीजवळची मुलगी डोळे पुसत म्हणाली, “बाई, तुम्हीच तर मान डोलावली होतीत.”

बाईंना तिच्याकडे बघवेना. घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं, आवाजाचंही. तो वेड्यात काढेल असं त्यांना वाटलं होतं. पण त्यानं एवढंच विचारलं, “काय म्हणते ती?”

त्यांनी सांगितलं.

“तिला ते समजून घ्यायचं होतं गं,” तो म्हणाला. “तू तिला तिथंच अडकवून ठेवलंयस.”

सकाळी बाईंनी वर्गातल्या टेबलावर कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुतळी ताणून बांधली आणि पुढच्या मोकळ्या कोपऱ्यावर पट्टी उभी धरली. “समोरून बघ. भेटतात?”

“हो,” खिडकीजवळची मुलगी म्हणाली.

“आता मधे हात घाल.”

तिचा हात पट्टी आणि सुतळीच्या मधून सहज आत गेला. “अय्या, केवढी जागा आहे!” मग सगळा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला. जो तो हात घालून बघू लागला.

मधल्या सुट्टीत बाई एकट्याच थांबल्या. विचारावं की नको, यातच अर्धी सुट्टी गेली. शेवटी विचारलंच.

मागचं बाक किंचित करकरलं. “नाही गं भेटत.” आवाज अगदी हळू होता. “कळलं मला.”

त्यानंतर बाईंनी पुष्कळदा विचारलं. उत्तर आलं नाही.

वर्ष संपताना नवऱ्यानं, लेक गेल्यापासून बंद असलेल्या तिच्या खोलीची खिडकी उघडली, पंखा पुसला. बाई दारातच उभ्या होत्या.

“ये की आत,” तो म्हणाला.

त्या आत गेल्या, पलंगाच्या कडेवर टेकल्या. दार मात्र त्यांनी उघडंच ठेवलं.