साडेतीन सेकंदांचं वाक्य

एका वाक्यानं माझा अख्खा आठवडा खाल्ला.

मी टीव्हीसाठी पोलिशमध्ये अनुवाद करत होते त्या इंग्रजी माहितीपटातली मॉरीन, गिरणी बंद पडलेल्या गावातली बाई, टेबल पुसता पुसता म्हणते की पाणी नाकापर्यंत आलंय, पण अजून बुडाले नाही. हे इंग्रज हलाखीसुद्धा हवापाण्याच्या गप्पा मारल्यासारखी सांगतात! पोलिशमध्ये आम्ही सरळ रडगाणं गातो. त्यात वेळ साडेतीन सेकंद. आमच्या टीव्हीवर परदेशी कार्यक्रमातल्या बाई, बुवा, पोरं, सगळ्यांचं निवेदक लुदोमिर एकटेच बोलतात, सपाट आवाजात, आणि मूळ आवाज खाली पुटपुटत राहतो. त्यांना धाप लागेल असं वाक्य चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ध्वनिमुद्रण होतं. मी स्वयंपाकघरात चुलीपासून खिडकीपर्यंत येरझारा घालत होते. खिडकीखालचं टेबल रिकामंच असतं. त्यावरचं शिवणयंत्र मी नऊ वर्षांची असताना दुरुस्तीला गेलं, ते परत आलंच नाही. आई कामाला होती ती वूच शहरातली कापडगिरणी बंद पडली तो हिवाळा. त्याबद्दल आई कधी चकार शब्द बोललेली नाही. खरं सांगायचं तर मला वाक्यापेक्षा तेच हवं होतं.

"आई, घरात काही नसायचं तेव्हा आपण काय म्हणायचो गं? 'टोकाला टोक कसंबसं बांधतेय', असं?"

"सुताच्या टोकाला टोक मी एकवीस वर्षं बांधलं, मागावर. त्याचा पगार मिळायचा." आईनं बटाटा सोलता सोलता मान वर केली. "बस खाली, पंडितीणबाई. फरशी झिजेल."

"मग काय म्हणायचीस?"

"काही नाही. बटाटे सोलायचे."

मी चिडले. एवढी वर्षं झाली, आता तरी बोल की! पण ती सालं काढत राहिली.

स्टुडिओत मी अकरा पर्याय घेऊन गेले. लुदोमिरनी चष्मा पुसून एकेक वाचला.

"हे लांब. हे शाळेच्या पुस्तकातलं. हे माझी सासू म्हणते, आणि तिचे दोन फ्लॅट आहेत."

"मग तुम्हीच सुचवा!"

"मी गप्प बसतो. तीस वर्षं सगळ्यांच्या बोलण्यावर बोलतोय, बोझेनाबाई. इथे तिलाच बोलू दे."

"आणि लोकांना कळणार कसं?"

"नाही कळलं तर शिव्या तुम्हाला पडतील."

मला त्यांचा रागच आला. पण दुसरं काही सुचत नव्हतं. मी वाक्य खोडलं.

रविवारी दुपारी आईशेजारी बसून मी तो माहितीपट पाहिला. मॉरीन आली, लुदोमिर थांबले, आणि खोलीत तिचा एकटीचा आवाज उरला. आईला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही. ती मॉरीनच्या हातातलं फडकं बघत होती. ते टेबलाच्या एकाच कोपऱ्यावर गोल गोल फिरत होतं.

"विकलं तिनं," आई म्हणाली.

"काय विकलं?"

"तिथे होतं ते. रिकामी जागा कुणी इतकी पुसतं का?"

मी ते दृश्य चाळीस वेळा पाहिलं होतं. कान देऊन. मला ते दिसलंच नव्हतं.

"आई," मी म्हणाले, "आपलं शिवणयंत्र..."

आईनं टीव्हीवरची नजर काढली नाही.

"तू रोज शाळेतून आलीस की विचारायचीस, आज येणार का म्हणून," ती म्हणाली. "म्हणून मी जागा पुसून ठेवायचे."