बिनगॉगलचा धम्मपाल

नागनाथ पेंटरला कुणी शिकवायला बसलं ते साठी उलटल्यावर, आणि तेही कोण, तर बहिणीची पोरगी सुकेशनी. चाळीस वर्षं पूर्णेतल्या दुकानांच्या पाट्या, जयंतीच्या कमानी आणि मेलेल्या माणसांच्या तसबिरी ऑइल पेंटनं रंगवणाऱ्या माणसाला ही शाळेतली ड्रॉइंगची बाई ब्रश कसा धरायचा ते सांगणार. पण करता काय, अडला हरी. टर्पेंटाइनच्या वासानं फुफ्फुसं गेली होती. डॉक्टरनं बजावलंच होतं, ऑइल पेंटचा डबा उघडायचा असला तर माझ्याकडं येऊ नका. राहिले ते सुकेशनीचे पाण्याचे रंग.

आणि रंगवायचं तर होतंच. येत्या रविवारी धम्मपालला जाऊन वर्ष होत होतं. एकुलता एक पोरगा. जिंतूरहून मोटारसायकलवर येताना दिवा नसलेल्या ट्रॉलीत घुसला. साऱ्या गावाची मेलेली माणसं भिंतीवर टांगली आणि स्वतःच्या पोराची तसबीर फ्लेक्सवाल्याकडून करून आणायची? नागनाथला ते मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं.

शिवाय बायकोचं, सरजाबाईचं देणं होतं. तिनं पोराचं तोंड शेवटचं पाहिलंच नव्हतं. दवाखान्यात नागनाथ एकटा आत गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, "तू नको बघू. झोपल्यासारखा हाय. डोळे मिटलेले हायेत." मग त्यानंच सांगून तोंड कापडानं बांधून घेतलं. त्या एका वाक्यावर ही बाई वर्षभर तगून होती. आल्यागेल्याला सांगायची, माझं लेकरू झोपेतच गेलं बघा. आणि वाक्य साफ खोटं होतं. डोळे टक्क उघडे होते. दोन तास पोरगा खड्ड्यात जिवंत पडून होता, असं डॉक्टरनं सांगितलेलं. नागनाथनं ते पोटात घातलं होतं आणि मरेपर्यंत ओठावर येऊ देणार नव्हता. त्याच्या बदल्यात तिला हसरं तोंड काढून द्यायचं, एवढंच त्याच्या हातात उरलं होतं.

सुकेशनीनं पाटावर जाड कागद चारी बाजूंनी टेपनं चिकटवला. "मामा, आधी पाणी, मग रंग. फिकं आधी, गडद मागून. एक थर वाळल्याबिगर दुसरा द्यायचा न्हाई. आणि पांढरा रंग वापरायचाच न्हाई."

"मंग पांढरं कुठून आणायचं?"

"कागदाचं. जिथं चमक पायजे तिथला कागद पहिल्यापासून कोरा सोडायचा. एकदा रंग बसला की ते पांढरं परत येत न्हाई."

"उलट्या खोपडीचा रंग हाय तुझा," नागनाथ म्हणाला. ऑइल पेंट कसा, चुकलं तर वरून थापा, झाकलं जातं. इथं झाकायला काहीच नाही. तिनं सरावाला पेरू ठेवला. पहिल्या दिवशी कागद पापडासारखा फुगला. दुसऱ्या दिवशी हिरवा-पिवळा एकमेकांत घुसून शेणाचा गोळा झाला. धीर नावाची चीज त्याच्याजवळ नव्हतीच, ओल्यावरच दुसरा हात मारायचा. तिसऱ्या दिवशी मात्र पेरू पेरूसारखा दिसला. सरजाबाईनं तो कागद हातात घेऊन पाहिला आणि ती म्हणाली, "आता माझं लेकरू काढा."

शनिवारी सकाळीच तो बसला. कागदावर गाल उतरले, आणि असे उतरले की त्याचा त्यालाच विश्वास बसेना. ऑइल पेंटच्या कातडीला कायम दाराच्या रंगाची कळा यायची. इथं पाण्यानंच कातडी केली. हनुवटी आली, कपाळावरचा व्रण आला. नागनाथला भरून आलं.

मग डोळे. आणि इथंच गाडी अडली. या पठ्ठ्याच्या एकूण एक फोटोत गॉगल. लग्नात गॉगल, शेतात गॉगल, आत्या गेली तेव्हा तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमातसुद्धा गॉगल. आधार कार्डावर होते डोळे, पण तिथं तो चोरी करताना धरल्यासारखा दिसायचा. म्हणजे डोळे आठवूनच काढायचे. नागनाथनं पोरगा जेवताना आठवून पाहिला, भांडताना आठवून पाहिला. लाख प्रयत्न केले. दरवेळी दवाखान्यातली ती खोलीच पुढं यायची. शेवटी त्यानं विचार सोडला आणि हाताला मोकळं केलं. चाळीस वर्षांचा हात, तो आपल्या वळणानं गेला. बुबुळं काळीभोर भरली, अगदी काठापर्यंत, आणि मग सवयीप्रमाणं शेवटचा पांढरा ठिपका द्यायला डबीकडं वळला. त्या ठिपक्यानंच माणूस जिता होतो, हे त्यानं किती शिकाऊ पोरांना सांगितलं असेल. डबी कुठं होती? कागद सोडायचा राहिला होता.

ओल्या फडक्यानं रंग उचलायला गेला तर कागदाचे कण निघाले आणि पापण्या सुजल्यासारख्या झाल्या. पाटावरून तेच तोंड त्याच्याकडं बघत होतं, जे त्यानं सांगून बांधून घेतलं होतं.

"मामा, ऱ्हाऊ द्या. दुसरा कागद लावू," सुकेशनी हळूच म्हणाली.

त्यानं पाट पालथा घालायच्या आत सरजाबाई चहा घेऊन आली. कप खाली ठेवून पाटाजवळ बसली. वाकून डोळे बघू लागली. रडली नाही.

"असे व्हते का?" तिनं विचारलं.

"कागद बिघडला माझा. मी नवशिका हाय, सरजा."

"मी रंगाचं इचारीना. डोळे उघडे व्हते का?"

सुकेशनी उठून दाराशी गेली. नागनाथनं खोटं बोलायला तोंड उघडलं, पण दम लागला आणि खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत सरजाबाई त्याच्याकडं बघत थांबली. तेवढ्यात खोटं बोलायचं बळ संपलं.

"व्हय," तो म्हणाला.

"तुमी मिटले न्हाईत?"

"तीनदा मिटले. ऱ्हाईनात."

तिनं पदर सावरला. पाट आपल्याकडं ओढून दोन बोटं त्या ओल्या पापण्यांवरून वरून खाली फिरवली. बोटांना काळं लागलं.

"मला आत न्यायला पायजे व्हतं," ती म्हणाली. "माझ्या हातानं मिटले असते."