चटईखालून

वालासीला रडायला फुरसतच नव्हती. भाऊ जाऊन अठरा दिवस झाले होते आणि पहिले दोन सोडले तर ते सगळे दिवस तिने शाप देण्यात घालवले होते. शापही पदरचे नाहीत, बायबलातले.

सुरुवातीला सामोआतल्या त्या गावातल्या बायांनी तिला मोकळं करायचा पुष्कळ प्रयत्न केला. नारळाच्या दुधात शिजवलेली टारोची, म्हणजे आपल्या अळूसारखी, पानं घेऊन यायच्या, गळ्यात पडायच्या, स्वतःच हुंदके द्यायच्या आणि हिच्या डोळ्यांकडे बघत बसायच्या. हिचे डोळे कोरडे ठाक. मग पाद्रीबाबा आले. त्यांनी मेंढपाळाचं तेविसावं स्तोत्र वाचलं, ती हिरवी कुरणं, ते शांत पाणी. वालासीने ते मुकाट्याने ऐकून घेतलं.

"जे शोक करतात ते धन्य, वालासी," पाद्रीबाबा म्हणाले. "त्यांचं सांत्वन होईल असं खुद्द प्रभूने सांगितलंय."

"कधी?"

"काय कधी?"

"सांत्वन. कधी होईल? दिवस-वार काही दिलाय का?"

पाद्रीबाबा चहा न पिताच उठले. ते गेल्यावर वालासीने बायबल पुढ्यात ओढलं आणि सुरी शोधताना स्वयंपाकघरातला एकेक खण उघडावा तशी एकेक स्तोत्र उघडत गेली. एकशे नवव्याला तिचा हात थांबला. त्यात स्तोत्रं रचणाऱ्या दाविद राजाने आपल्या वैऱ्याला असं काही धुतलं होतं की वाचता वाचता तिला भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा भूक लागली. तो तिसरा दिवस होता. त्याचे दिवस थोडे होवोत. त्याची बायको विधवा होवो. त्याची पोरं दारोदार भीक मागोत, आणि त्याच्यावर दया करणारा एकही माणूस न उरो.

"हे बघ," ती मोकळ्या जागेकडे पाहून म्हणाली, "देवाच्या पुस्तकात आहे. मी मनाचं नाही काही बोलत."

मोकळी जागा होती ती फिलेमोनीची. तिचा धाकटा भाऊ, चोपन्न वर्षांचा. बायको लवकर गेली तसा बहिणीकडे येऊन राहिला होता. वालासीचं लग्न झालंच नव्हतं. वीस वर्षं रोज संध्याकाळी प्रार्थनेचा शंख वाजला की दोघं समोरासमोरच्या खांबांना पाठ टेकून बसत आणि एक वचन ती, एक वचन तो, असं वाचत. मग एका शनिवारी तो बसथांब्यावरून पाव घेऊन येत होता. समोरच्या घरातला एसेकिया एका लग्नात दुपारपासून बिअर पीत बसला होता. तिथून पिकअप घेऊन निघाला आणि त्याने फिलेमोनीला वळणावर उडवलं. पाव रस्त्याच्या दोन्ही कडेला पसरले होते. कोंबड्यांनी खाल्ले ते.

तिसऱ्या दिवसापासून वालासी एकटीच वाचू लागली, आणि रोज तेच. घरांना भिंती नाहीत, नुसते खांब; समोरच्यांच्या ताटात आज काय पडलंय तेही आपल्याला दिसतं. त्यामुळे एकशे नववं स्तोत्र रस्ता ओलांडून एसेकियाच्या घरात शब्दन् शब्द पोचायचं. त्याची बायको रूता सातव्या महिन्यात होती. विधवा आणि अनाथ पोरांचं वचन आलं की ती उठून मागच्या चुलीकडे जायची. वालासी ते बघायची आणि ते वचन पुन्हा एकदा वाचायची. आणि हे काही साधंसुधं वाचन नव्हे. सामोआत भाऊ बहिणीपुढे आवाज चढवत नाही, तिच्यापुढे वेडंवाकडं बोलत नाही, ते का? तिच्या तोंडून निघालेला शाप लागतो म्हणून. ती तर साठीची थोरली बहीण, आणि शब्द दाविदाचे. गाव टरकलं होतं.

गावाला एकच उपाय ठाऊक होता, इफोगा. ज्याच्या हातून खून झाला त्याच्या घरच्यांनी पहाटे उठून यायचं, मेलेल्याच्या दारात जमिनीवर बसायचं, डोक्यावरून उंची चटई पांघरून घ्यायची आणि गप्प राहायचं. मग मेलेल्याच्या माणसांनी वाटलं तर धोंडा घालावा, वाटलं तर चटई उचलावी. एकदा चटई उचलली की संपलं, त्यानंतर सूड नाही, शाप नाही, पुन्हा विषय नाही. त्या अपघातात एसेकियाच्याही तीन बरगड्या मोडल्या होत्या आणि पुढे पोलिसांनीही ठेवून घेतलं होतं, म्हणून इतके दिवस लागले. कोर्टाचं आपलं वेगळं चालू होतं.

"उद्या येतायत, ताई," चुलतभाऊ ताऊलेआ सांगून गेला होता. तो त्यांच्या घराण्याचा मताई, म्हणजे कर्ता. "मी चटई उचलणार. तुला बरं वाटो न वाटो."

"उचल ना. मी कुठे हात धरलाय तुझा?" वालासी म्हणाली.

तिच्या डोक्यात काय शिजतंय हे त्या बिचाऱ्याला कसं कळावं? चटई उचलली गेली तर तिच्याकडे काय उरणार होतं? भाऊ गेला, आता हा शापही काढून घ्यायला निघाले होते. तेवढ्यावर तर ती उभी होती.

पहाटे ते आले. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. दारापुढच्या खडीवर चौघं बसली. एसेकियाच्या घरचा म्हातारा मताई, एसेकियाची आई, काका आणि मध्ये तो स्वतः. सोनेरी, तलम, लाल पिसांची झालर लावलेली चटई चौघांच्या डोक्यावरून खाली सोडली होती. मागे थोड्या अंतरावर रूता पोट धरून उभी होती. ताऊलेआ लगबगीने पायरी उतरू लागला.

आणि वालासीने खणखणीत आवाजात म्हटलं, "आपण प्रार्थना करूया."

ताऊलेआचा पाय हवेतच राहिला. प्रार्थना सुरू झाली की जो जिथे असेल तिथे बसतो. रस्त्यावरून जाणाराही थांबतो. मध्ये बोलेल किंवा हालेल त्याने गावाला एक डुक्कर द्यायचं, हा नियम खुद्द ताऊलेआनेच गावसभेत करून घेतला होता. तो पायरीवर बसला. पाद्रीबाबा फाटकाशी होते, ते फाटकाशी बसले.

वालासीने एकशे नववं उघडलं आणि सावकाश, एकेक शब्द ठेवल्यासारखा, वाचायला सुरुवात केली. माझ्या वैऱ्याने लाज पांघरावी, झग्यासारखी अंगभर लपेटून घ्यावी, हे वचन आलं तेव्हा तिने चष्म्यावरून चटईकडे नीट पाहून घेतलं. दाविदाला इफोगा ठाऊक असावा असं तिला वाटलं. स्तोत्र संपलं. ताऊलेआने उठायला हात टेकला. वालासीने तेच स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून काढलं. ते झाल्यावर तिसऱ्यांदा. मग एकशे दहावं. मग एकशे अकरावं. ऊन वर आलं, खडी तापू लागली, चटईखाली कुणीतरी खोकलं. माशा आल्या. वालासीच्या जिवाला गार वाटत होतं. बसा, ती मनात म्हणत होती, बसा आता.

एकशे अठरावं संपवून तिने पान उलटलं तेव्हा पाद्रीबाबांनी डोळे मिटून घेतले. पुढचं स्तोत्र त्यांना माहीत होतं. एकशे एकोणीस, बायबलात त्याहून लांब स्तोत्र नाही. एकशे शहात्तर वचनं.

"ही बाई यांना इथेच शिजवणार," फाटकाबाहेरची एक म्हातारी पुटपुटली आणि डुकराच्या भीतीने तिने स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

वालासी वाचत राहिली. तीस, चाळीस, साठ. घसा सुकला, पण पाणी मागितलं तर प्रार्थना तुटेल म्हणून तशीच रेटत राहिली. ब्याऐंशीव्या वचनाला आली. तुझ्या शब्दाची वाट पाहून माझे डोळे शिणले, मी विचारते, तू माझं सांत्वन कधी करशील?

तिने पाद्रीबाबांना विचारलेला प्रश्न जसाच्या तसा तिथे छापलेला होता. तो आजवर तिने हजारदा वाचला असेल. त्याच्यापुढे तिचा आवाज फुटेना. ओठ हलत होते, शब्द नाही. सगळं अंगण कानात प्राण आणून बसलं.

घरोघरी संध्याकाळी वाचताना एक अडला की पुढचं वचन पुढच्याने उचलायचं, ही सवय इथल्या माणसाच्या हाडात मुरलेली असते. तिथे विचार करत नाही कुणी. चटईखालून एक पुरुषी आवाज आला.

"धुरात टांगलेल्या कातडी पिशवीसारखा…" आणि तो थबकला. नाकाने एक लांब श्वास घेतला, आणि उरलेलं एका दमात खालच्या सुरात म्हटलं, "…मी सुकून गेलो, तरी तुझे नियम विसरलो नाही."

तो श्वास फिलेमोनीचा होता.

वाक्याच्या मध्यावर, अर्थाशी काही देणंघेणं नसताना, नाकाने घेतलेला तो श्वास. तरुणपणी फिलेमोनी ऑक्टोपस धरायला बुड्या मारायचा, तेव्हापासून लागलेली ती खोड. वीस वर्षं वालासी त्यावरून त्याला टोचत आली होती. "देवाचं वचन आहे रे, बुडी मारल्यासारखं काय वाचतोस?" चटईखाली एसेकियाला आईने कोपर मारल्याचं वरून दिसलं. एसेकिया गप्प झाला.

पण तो गप्प झाला ते कोपरामुळे नव्हे. पुढचं वचन वालासीचं होतं आणि त्यात काय आहे ते त्याला पाठ होतं. ते त्याने तिच्यासाठी सोडलं होतं.

"तुझ्या दासाचे दिवस किती उरले?" वालासी वाचू लागली. तिचा आवाज फाटला होता, पण चढला होता. "माझा छळ करणाऱ्यांना तू शिक्षा कधी करणार?"

चटईखालून पंच्याऐंशीवं आलं. मध्यावर श्वास. तिने शहाऐंशीवं वाचलं. त्याने सत्याऐंशीवं, मध्यावर श्वास. प्रत्येक वचन ती घाईने संपवत होती, त्याची पाळी लवकर यावी म्हणून. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःचा भयंकर राग आला. अठ्ठ्याऐंशीवं तिने वाचलं. चटईखाली शांतता.

"वाच ना," ती म्हणाली.

"पुढचं येत नाही, मावशी." आवाज अगदी लहान झाला होता. "आम्ही लहान असताना चर्चमधल्या पोरांच्या रविवारसाठी फिलेमोनीकाकांनी हे स्तोत्र आम्हा बावीस जणांत वाटून, स्वतः म्हणून शिकवलं होतं. एकेकाला आठ. माझ्या वाट्याला एवढीच आली."

वालासी उठली. अठरा दिवसांत ज्याचं मरण मागितलं त्याच्या गळ्यात तो श्वास कुठे बसलाय, हे तिला बघायचं होतं. बस्स, बघायचं होतं. ती पायऱ्या उतरली, तापल्या खडीवरून अनवाणी गेली आणि तिने चटईचं टोक धरून ती उचलून मागे सारली.

अंगणात एकदम रडं उसळलं. एसेकियाच्या आईने तिच्या पायावर डोकं ठेवलं. ताऊलेआ हात पसरून उभा राहिला आणि त्याने तीन दिवसांपासून घोकलेलं भाषण सुरू केलं, की आज थोरल्या बहिणीने स्वतःच्या हाताने क्षमा केली, आज या दोन घरांत सूर्य उगवला.

"मी क्षमा नाही केली!" वालासी ओरडली. "मी बघायला उचलली!"

"उचललीस ना, ताई?" ताऊलेआ हळूच म्हणाला. "मग उचललीस."

ती हातातल्या चटईकडे बघत राहिली. सगळ्या जन्मात तिच्या हातून एवढी मोठी चूक झाली नव्हती. समोर एसेकिया उन्हाने डोळे किलकिले करत बसला होता, घामाने निथळत, सोललेल्या ओठांचा, सव्वीस वर्षांचा. तिने त्याच्या कानाखाली अशी वाजवली की फाटकापर्यंत आवाज गेला. तेवढा तिचा हक्क सगळ्यांनी धरलाच होता.

"अजून अठ्ठ्याऐंशी राहिलीत," ती म्हणाली. "पाठ कर. रोज आठ. संध्याकाळी इथे येऊन म्हणायची. आणि श्वास घ्यायला विसरलास तर बघ."

त्याला काही कळलं नाही. तो मान हलवत राहिला.

त्या संध्याकाळी शंख वाजला तेव्हा वालासी आपल्या खांबाला टेकून बसली आणि तिने हट्टाने एकशे नववंच उघडलं. चटईने काय होतं? चटई गावाची, पुस्तक तिचं. सात वचनं तिने रोजच्यासारखी ठणकावून वाचली. समोरच्या घरात रूता चुलीकडे जायला उठली. आठव्याला वालासीचं बोट थांबलं. त्याचे दिवस थोडे होवोत. पण त्याचे दिवस थोडे झाले तर तो श्वासही तेवढाच, थोडाच. तिने बोट खाली सरकवलं. नवव्यात विधवा होती, तेही सोडलं. मग एकेक करत ती सोडतच गेली. पोरं, भीक, कुळाचा निर्वंश. कुठे टेकायला जागाच मिळेना. थेट बाविसाव्याला बोट टेकलं. मी दीन आणि दुबळी आहे, माझं काळीज आतून जखमी आहे.

ते तिने वाचलं आणि ती रडली. पुस्तकावर डोकं ठेवून, अठरा दिवसांचं, आवाज करून. समोर रूता उभी राहून ऐकत होती, आणि वालासीने तिला ऐकू दिलं.

पुढे कोर्टाने दिलेली शिक्षा भोगून तुरुंगातून आल्यावर एसेकियाने सगळी एकशे शहात्तर वचनं पाठ केली, त्याच श्वासासकट. रूताच्या पोरीला वालासीनेच न्हाऊमाखू घातलं. भाऊ मारल्याचंही ती त्याला एखादे दिवशी माफ करायची. पण त्या संध्याकाळी त्याच्यापायी तिला शापाची जी वचनं ओलांडावी लागली, त्यांची क्षमा तिने त्याला मरेपर्यंत केली नाही.