दोन जावा आणि केसभर फट

लढाऊ विमानांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात दोन सख्ख्या जावा एकाच मोजमाप खोलीत कामाला होत्या. थोरली सकाळच्या पाळीला, धाकटी दुपारच्या. काम एकच: टर्बाइनच्या पात्यांची टोकं आणि त्यांच्याभोवतीचं कडं यांच्यातली फट मोजायची. फट जास्त झाली तर गरम वायू तिथून निसटतो आणि इंजिनाचा जोर जातो. कमी झाली तर पाती कड्याला घासतात, आणि तेही आभाळात.

एका इंजिनावरून दोघींचं बिनसलं. थोरलीचं माप चोख यायचं. त्याच फटीचं धाकटीचं माप रोज केसभर जास्त भरायचं, तेही एकाच बाजूला. हिचा हात घरीसुद्धा असाच सैल, असं थोरली म्हणाली. जाऊबाईंच्या चष्म्याचा नंबर वाढलाय, असं धाकटीने ऐकवलं. घरी दोघे भाऊ मुकाट्याने जेवू लागले.

विभागाच्या साहेबांनी धाकटीचा आकडा धरला आणि त्या बाजूला कड्याच्या आतून जाड पट्ट्या बसवायचा हुकूम काढला. जिंकूनही धाकटीला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी ती सकाळीच आली आणि थोरलीच्या शेजारी बसून तिने मोजून पाहिलं. माप थोरलीचंच आलं. तिचा चेहरा उतरला. थोरलीने जिभेवर आलेला टोमणा गिळला आणि म्हणाली, "मग दुपारी इथे काय बदलतं ते बघू."

जेवण झाल्यावर साहेब हात चोळत आले. कोपऱ्यातला हीटर त्यांनी ओढून कड्याला खेटून ठेवला, तासभर पाय शेकत कागद वाचले, हीटर पुन्हा कोपऱ्यात सारला आणि धाकटीच्या पाळीची वेळ व्हायच्या आत गेले. दोघींनी लगेच मोजलं: शेकलेल्या बाजूला कडं फुगलं होतं आणि फट केसभर वाढली होती.

धाकटी सांगायला धावली. थोरलीने तिची बाही धरली.

"सांगितलंस तर तेच आपल्याला शिकवत बसतील. त्यांनाच मोजू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी, साहेबांचे पाय शेकून झाल्यावर, दोघींनी गरीब चेहऱ्याने विनंती केली की आमचं काही जमत नाही, तुम्हीच मोजून सही करा. साहेब खुलले. मोजलं, सही ठोकली. मग थोरलीने खिडक्या सताड उघडल्या आणि संध्याकाळी पुन्हा एकदा मोजायची गळ घातली. या वेळी आकडा केसभर कमी आला. साहेबांनी मोजायचं यंत्र पुसलं, दुसरं मागवलं, परत मोजलं. आकडा हलेना. त्यावरही सही झाली.

"यातली खरी सही कोणती धरायची, साहेब?" थोरलीने नम्रपणे विचारलं.

साहेब दोन्ही कागद ताडून पाहू लागले. धाकटीला राहवलं नाही.

"दुपारी पाय जास्त गार पडले होते का तुमचे?"

साहेबांनी कोपऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचे कान लाल झाले. पट्ट्यांचा हुकूम त्यांनी तिथेच फाडला. इंजिन चाचणीला पूर्ण जोराने चाललं. उघडून पाहिलं तर कड्यावर एक ओरखडा नव्हता.

ही शक्कल मुळात कुणाची, यावरून मात्र दोघींचं त्याच रात्री जेवताना पुन्हा वाजलं.