कच्ची माळ

आई लॉन्सेस्टनच्या हॉस्पिटलात पडली तेव्हा मी आमच्या केप बॅरन बेटावर आयव्ही मावशीला फोन केला. आज्जीच्या मातीला आई पोचली नव्हती. तेव्हापासून दोघी बहिणींचं बोलणं तुटलेलं.

मावशी म्हणाली, "काय हवंय तिला?"

"मॅरिनरची माळ. तुझ्या हातची."

मॅरिनर म्हणजे आमच्याकडच्या समुद्री शेवाळावर जगणारी नखाएवढी गोगलगाय. तिचा शंख वरून मळकट. घासला की निळा-हिरवा झळाळतो. किनाऱ्यावर वाहून आलेल्या शंखाचा रंग उडालेला असतो, म्हणून जिवंतच वेचायची. मग आतलं मांस सडून निघायला महिने जातात.

"तेवढे दिवस आहेत का तिच्याकडे?"

"नाहीत, मावशी."

मावशी ओहोटीला कमरेएवढ्या गार पाण्यात उतरत राहिली. शेवाळ आता विरळ झालंय, शंखही. मिळाले तेवढे तिनं तसेच, मांसासकट, दाभणानं टोचून ओवले आणि पुढच्या विमानानं आली.

माळ गळ्यात पडताच आईनं नाक मुरडलं. "सडकी आणलीस होय गं मला?"

"मग उशीर कुणी केला, मर्ल? मी मोठी. आधी जायचा मान माझा होता. तिथंही घुसलीस पुढं!"

आई हसली, हसता हसता खोकली. मावशीनं तिला पाणी पाजलं. मग हळूच विचारलं, "का नाही आलीस तेव्हा?"

"विमानतळापर्यंत आले होते. पायच उचलेना. आईला पेटीत बघवलं नसतं मला."

मावशीनं आईचा हात हातात घेतला. तो तिनं सोडला नाही.

वासानं शेजारच्या खाटेवरची बाई कुरकुरली. नर्सनं खिडकी उघडली. आईनं माळ काही काढू दिली नाही. रविवारी दुपारी ती गेली. बेटावर, आज्जीच्या शेजारी, आम्ही तिला माळेसकट पुरलं.

पुढच्या हिवाळ्यात मी मावशीबरोबर शेवाळात उतरले. संध्याकाळपर्यंत दोघींची मिळून ओंजळही भरली नाही. मावशी त्या जिवांकडे बघत उभी राहिली.

"राहू देत यांना," ती म्हणाली, आणि वाकून एकेकीला शेवाळावर परत ठेवू लागली. मीही ठेवल्या.