वाळूची थप्पी

शनिवारी दुपारी परवानगीचा कागद हातात पडला तेव्हा निसार शिकलगारानं पोलीस कचेरीच्या पायरीवरच बसकण मारली. तीन आठवडे ह्या टेबलावरनं त्या टेबलावर फिरून त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता. कागदावर शिक्के पाच होते, पण अर्थाची ओळ एकच : स्पर्धेत उडवलेली एकही गोळी गोदामाच्या चार भिंतींबाहेर जाणार नाही, याची जबाबदारी खाली सही करणाराची. गेली तर स्पर्धा बंद आणि निसारचं बंदुका दुरुस्तीचं लायसनही बंद. हे काम त्याच्या बापानं केलं, आजोबानं केलं. ते गेलं तर निसारला दुसरं येत होतं काय? कुलपं उघडायला यायची. पण लोकांच्या किल्ल्या रोज थोड्याच हरवतात!

हे सगळं खूळ आकाराम सुभेदाराचं, दुरुस्तीचं लायसन निसारकडं म्हणून सही तेवढी त्याची. फौजेतनं निवृत्त होऊन आला तरी हा गडी गप्प बसेल तर शपथ. रायफल क्लबात सगळे एका जागी उभे राहून, श्वास कोंडून, गोल कागदाच्या मधोमध नेम धरायचे, ते बघून त्याचं पित्त खवळायचं. दुश्मन काय तुमच्यापुढं फोटो काढून घ्यायला उभा राहतो काय, असं तो सगळ्यांना ऐकवायचा. म्हणून त्यानं एकोणऐंशी साली ही नवी तऱ्हा काढली. पिस्तूल घेऊन चालायचं. डांबराच्या पिंपाआडून चार गोळ्या, खिडकीच्या चौकटीतनं तीन, गुडघ्यावर बसून तीन, आणि सगळं घड्याळ लावून. नेमही धरायचा आणि वेळही गाठायची. त्याला सुभेदारानं नाव दिलं ‘कामाचा नेम’. कोल्हापुरात असलं काही कुणी बघितलं नव्हतं, त्यामुळं आजरा, गगनबावडा, कुरुंदवाड, कुठनं कुठनं लायसनवाल्या सव्वीस जणांनी नावं दिली.

श्रावण सरला होता तरी क्लबाच्या टेकडीमागच्या मैदानात अजून गुडघाभर चिखल होता. छप्पर पाहिजे होतं. शाहूपुरीतल्या आण्णा नावाच्या एका अडत्यानं आपलं गुळाचं गोदाम दिलं. गुळाचा हंगाम दसऱ्यानंतर, तोवर आत फक्त उंदीर. गोदाम लांबट, तीन बाजूंनी दगडी, मागची बाजू तेवढी पत्र्याची. दार पुढं असल्यामुळं नेम पत्र्याकडंच धरावा लागणार होता. निसारनं ठरवलं, पत्र्यापुढं वाळूच्या पोत्यांची दोन पदरी थप्पी लावायची, पुरुषभर उंचीपेक्षा वर. तिच्यातनं पिस्तुलाची गोळी जाईल कशी?

निसार कचेरीत शिक्के गोळा करत होता तेव्हा इकडं गुंडू मुकादमानं आपले हमाल लावून थप्पी उभी केली. आण्णाच्या गोदामात वीस वर्षं थप्प्या लावणारा माणूस, त्याला काय शिकवायचं? निसार पोचला तोवर थप्पीवरनं गोणपाटाचा पडदाही सोडला होता, निशाणाचे कागद टाचायला. त्यानं पडद्यावरनं चार ठिकाणी मूठ मारून बघितली. दगडासारखी घट्ट. झ्याक झालंय म्हणाला आणि सगळ्यांना भजी-चहा पाजला. मूठ मारून थप्पी तपासणारा हा शहाणा! पडदा वर करायला किती वेळ लागला असता?

रविवारी सकाळी नेमबाज यायच्या आधी त्याची बायको इमामबी पत्र्यामागच्या बोळात मटणाचं पातेलं चढवून बसली. तिथं नळ होता, वर पत्र्याची पडवी होती, आणि बोळ आंधळा असल्यामुळं कुणाची ये-जा नव्हती. ही जागा निसारनंच तिला दाखवली होती. नऊला फौजदार थप्पी बघायला यायचा होता, अकराला स्पर्धा. निसारचा स्वतःचा एक नेम होता : पहिल्या गोळ्या सही करणारानं उडवायच्या. आठ वाजता त्यानं क्लबाचं पॉइंट बावीसचं पिस्तूल भरलं, सुभेदारानं घड्याळ दाबलं आणि निसार पिंपाआड गेला.

वाळूत गोळी शिरली की धप्प वाजतं. निसारचा हात चालत होता आणि कान मोजत होता. पिंपाआडून चार, धप्प. खिडकीतनं तीन, धप्प. गुडघ्यावर बसून आठवी उडवली आणि ती टण् करून वाजली.

सुभेदाराला काही कळलं नाही. तो घड्याळाकडंच बघत होता. निसारनं पिस्तूल रिकामं करून त्याच्या हातात कोंबलं आणि तो पळत सुटला. मागं दार नव्हतं. पुढनं बाहेर पडायचं, गोदामांची सगळी ओळ ओलांडायची, मग वळसा घालून बोळात शिरायचं. पन्नाशीचा माणूस, गुडघे दुखणारा, लुंगी हातात धरून पळत होता. टण् म्हणजे पत्रा. पत्र्यापलीकडं इमामबी. एवढी दोनच वाक्यं त्याच्या डोक्यात फिरत होती, तिसरं सुचायला तयार नव्हतं.

बोळात पातेलं रटरटत होतं. पाटाजवळ सोललेला लसूण पडला होता. पाटावर कुणी नव्हतं. पत्र्याला भोक पडलं होतं, आणि पाटावर बसलेल्या बाईचं डोकं जिथं येईल बरोबर तिथं. निसार त्या भोकापुढं उभा राहिला.

“असं का हुबं ऱ्हायलासा?” मागनं इमामबी म्हणाली. कोथिंबीर विसरली म्हणून ती कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडं गेली होती आणि त्या बाईशी जुडीवरनं भांडून आल्यामुळं अजून रागातच होती.

निसार त्या पाटावरच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. रडता रडता हसला. तिचा हात धरला, सोडला, परत धरला. इमामबीला वाटलं ह्याला चक्कर आली, म्हणून तिनं नळाचं पाणी आणून त्याच्या तोंडावर मारलं. मग त्यानं भोक दाखवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. तिनं त्या भोकात करंगळी घालून बघितली.

त्या पाण्यानं निसार शुद्धीवर आला आणि हिशोबी झाला. सुभेदाराला कळलं नाही. फौजदार अजून आला नाही. थप्पी दुरुस्त होईल, भोकावर डांबराचा ठिपका बसंल. सव्वीस माणसं एव्हाना एसटीत बसली असतील. हे त्यानं बायकोला सांगितलं, आणि सांगताना तिच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

इमामबीनं लसूण पदरात गोळा केला, फडक्यानं धरून पातेलं उतरवलं.

“मी कुणाला सांगत न्हाय,” ती म्हणाली. “तुमी म्हणालासा तर जन्मात सांगायची न्हाय. पण मी आता हितं बसत न्हाय.”

आणि पातेलं घेऊन ती गल्लीत निघून गेली. शिव्या घातल्या असत्या तर निसारला बरं वाटलं असतं. स्वतःची बायको जिथं बसायला तयार नाही, त्या भिंतीच्या खाली त्याची सही होती.

आत जाऊन त्यानं गोणपाट वर केलं. दर दोन पोत्यांच्या मध्ये मनगटाएवढी फट, पुढच्या पदरात आणि त्याच्या बरोबर मागं मागच्या पदरातही. सरळ पत्रा दिसत होता. त्यानं गुंडूला बोलावून विचारलं, तर गुंडूच चकित झाला. फट ठेवली नाही तर हवा कुठनं खेळणार? हवा लागली नाही तर माल पाघळतो, हे कुणीही सांगेल. वाळू कशी पाघळते रे, असं सुभेदार ओरडला. मग मुकादमाच्या डोक्यात उजेड पडला आणि तो मटकन खाली बसला. वीस वर्षं गूळ रचणाऱ्या हातांनी वाळूसुद्धा गुळासारखी जपून रचली होती.

भोकाचं ऐकल्यावर सुभेदाराचं म्हणणं, फटी बुजवा आणि तोंड बंद ठेवा. निसार म्हणाला, मी सांगणार. तुझं लायसन जाईल, असं सुभेदारानं बजावलं. ते निसारला माहीत होतं. तरी नऊच्या ठोक्याला फौजदार आला तेव्हा चहा विचारायच्या आधी निसारनं त्याला बोळात नेऊन भोक दाखवलं.

फौजदारानंही त्यात बोट घातलं. ज्याला त्याला त्या भोकात बोट घालायची हौस! मग त्यानं निसारकडनं परवानगीचा कागद मागून घेतला आणि उभा फाडला. संपलं, असं निसारच्या मनात आलं.

“तुम्ही सांगितलं नसतं आणि मला दिसलं असतं, तर आत्ता तुम्ही गाडीत बसला असता,” फौजदार म्हणाला. “थप्पी नव्यानं लावा. मी थांबतो. मला पटलं तर नवा कागद करू. त्याच्यावर तुमचीच सही लागंल.”

निसारला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत, कारण तेवढा वेळ नव्हता. सगळी थप्पी पाडली आणि गवंडी विटा बसवतो तशी, सांध्यावर सांधा येऊ न देता, तीन पदरी लावायला घेतली. हमालांची पंचाईत झाली. हात आपोआप फट सोडायचे, आणि निसार मधेच पंजा घालून ओरडायचा. तेवढ्यात आजऱ्याचे पावणे आले. त्यांनी कडक इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पोती उचलायला लागले. कुरुंदवाडकर आले, तेही लागले. साडेअकराला थप्पी उभी राहिली, तोवर सगळ्यांचे शर्ट वाळूनं सारखेच झाले होते.

फौजदारानं थप्पीमागं पत्र्याला पांढरा कागद डकवायला लावला. भोक पडलं तर कागद सांगेल. गुंडूला बोळाच्या तोंडाशी उभं केलं, कुणाला आत सोडायचं नाही म्हणून. मग सुभेदारानं वीस गोळ्या उडवल्या, मुद्दाम सांध्यांवर. निसार डोळे मिटून ऐकत होता. विसाव्या गोळीनंतर फौजदार बॅटरी घेऊन मागं वाकला, बराच वेळ वाकून राहिला आणि म्हणाला, कागद कोरा आहे. नवा कागद टेबलावर मांडला, वर पेन ठेवलं.

निसार म्हणाला, एकदा पलीकडनं बघून येतो. कागद काही का सांगेना, त्याला पत्रा बघायचा होता. बोळाच्या तोंडाशी गुंडू हात पसरून इमानदारीनं उभा होता. त्यानं बाहेरचं चिटपाखरू आत जाऊ दिलं नव्हतं. आत आधीच कुणी असेल तर त्याला बाहेर काढायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

इमामबी पाटावर बसली होती. पाठ पत्र्याला टेकलेली, मांडीवर लसणाचं ताट.

निसार धावत तिच्यापर्यंत पोचला आणि लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा तिच्यावर ओरडला. डोकं फिरलं काय, मरायचं होतं काय, ऊठ आधी.

“वीस वाजल्या,” ती लसूण सोलतच म्हणाली. “मोजल्या मी. समद्या वाळूत गेल्या.”

“आणि एक हिकडं आली असती म्हंजे?”

“तुमच्या सहीवर आत सव्वीस माणसं इस्वास ठेवणार. मग मी नको ठेवायला?”

निसारला तिचा एवढा राग आला होता की तिला उचलून फेकावं, आणि एवढा आनंद झाला होता की तिथंच नमाज पढावी. तो नुसता तिच्या शेजारी ओल्या फरशीवर बसून राहिला. इमामबीनं पदरानं त्याच्या कपाळावरची वाळू पुसली आणि फौजदार वाट बघत असंल, जावा, असं सांगितलं.

पण तो एकटा गेला नाही. तिचं ताट त्यानं एका हातात घेतलं, दुसऱ्या हातानं तिचा दंड धरला आणि तिला बोळाबाहेर, गुंडूच्याही पलीकडं, पार गल्लीत नेऊन उभं केलं. इथनं हललीस तर बघ, असं दोनदा बजावलं. मग आत जाऊन त्यानं पेन उचललं.